‘सेवा करायची आहे’ हे उत्तर खोडून टाका!

धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्यातील सोनारी हे गाव काळभैरवनाथाच्या यात्रेसाठी सर्वदूर माहीत आहे. मी तेथे गेले ती यात्रेसाठी नव्हे. गावच्या बौद्ध वस्तीतील एका मुलीला सैन्यदलाच्या नर्सिंग कॉलेजच्या मुलाखतीचे बोलावणे आले होते. ‘वकीलबाई, पोरीची जरा तयारी करून घ्या, आम्हाला त्यातलं काही कळत नाही,’ असा तिच्या मामांचा फोन आला आणि एका रविवारी मी परंड्याची एसटी धरली.

मुलीचे आईवडील ऊसतोड कामगार. दसरा झाला की बिऱ्हाड कारखान्यावर जाते, ते उन्हाळा लागल्यावर परतते. मुलगी आजीजवळ राहून शिकली, बारावी विज्ञान झाली, ‘नीट’ दिली. डॉक्टरकीला पुरतील एवढे गुण पडले नाहीत, पण सैन्याच्या चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगसाठीच्या पहिल्या चाळणीत ती टिकली.

हा प्रवेश कसा होतो, हे आपल्या वस्त्यांत फारसे कोणाला ठाऊक नसते, म्हणून थोडक्यात सांगते. महाराष्ट्रातील बी.एस्सी. नर्सिंगचा प्रवेश आता राज्य सीईटी कक्षाच्या परीक्षेतील गुणांवर होतो, तेथे मुलाखत नाही. सैन्याच्या परिचर्या सेवेचे तसे नाही. पुण्याचे एएफएमसी आणि मुंबईचे आयएनएचएस अश्विनी यांच्यासह देशातील सहा कॉलेजांत मिळून अलीकडच्या वर्षांत २२० जागा भरल्या जातात. ‘नीट’च्या गुणांवर निवडलेल्या मुलींची सामान्य बुद्धिमत्ता व इंग्रजीची संगणकावरील परीक्षा होते, मानसशास्त्रीय चाचणी होते, मग मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. शिक्षण सरकारी खर्चाने होते, त्यापोटी बंधपत्र लिहून द्यावे लागते आणि अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर मुलगी लेफ्टनंट म्हणून अधिकारीपदावर रुजू होते. सैन्यदलांच्या भरतीत जातीचे आरक्षण नाही. म्हणजे ऊसतोड कामगाराची लेक आणि शहरातल्या इंग्रजी शाळेत शिकलेली मुलगी एकाच टेबलासमोर, एकाच मापाने मोजली जाणार.

विहारात सतरंजी अंथरली होती. मी टेबलाच्या एका बाजूला बसले आणि मुलीला दारातून आत यायला सांगितले. नाव, गाव, शिक्षण झाले. मग मी तो ठरलेला प्रश्न विचारला, ‘नर्सिंगच का?’

मुलीने पाठ केलेले उत्तर एका दमात म्हणून दाखवले, ‘मला लहानपणापासून रुग्णांची सेवा करण्याची आवड आहे.’

भिंतीला टेकून बसलेली तिची आजी फणकारली. ‘सेवा? सेवा म्या केली की गं! चाळीस वरसं केली. ह्या गावातली निम्मी लेकरं ह्याच हातावर पडल्यात. बाळ रडूस्तवर मी आत, बाळ रडलं की भाईर. दिलं काय, तर पायलीभर जोंधळं आन् फाटकं लुगडं. तसलीच सेवा कराया एवढं शिकलीस व्हय?’

विहारात कोणी बोलेना. मीही गप्प झाले. कारण ती निरक्षर सुईण जे बोलली, ते मुलाखतीच्या तयारीच्या एकाही पुस्तकात छापलेले नसते.

आपल्या समाजाने ‘सेवा’ या शब्दाचा अर्थ पुस्तकातून शिकलेला नाही. तो पाठीवर वाहिला आहे. महारकी म्हणजे काय होती? गावाची आणि सरकारची सेवाच होती! वेळेची मर्यादा नाही, कामाची यादी नाही, ठरलेला पगार नाही. मिळेल ते बलुते आणि वर उपकाराची भाषा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, ते याच सेवेच्या विरोधात. काम असेल तर त्याची व्याख्या हवी, मोबदला हवा आणि ते सोडण्याचे स्वातंत्र्य हवे, हा त्यामागचा मुद्दा होता. सोनारी तेव्हा निजामाच्या राज्यात होती, मुंबईचा कायदा तेथे लागू नव्हता. पण रीत तीच होती. आणि स्त्रियांच्या वाट्याला त्या रीतीतले सर्वांत घाण मानलेले काम आले. नाळ कापायची, वार पुरायची, विटाळाचे कपडे धुवायचे. ज्या हातांनी बाळ जगात आणले, त्या हातांचे पाणी मात्र चालत नव्हते!

मग प्रश्न असा येतो की, शिकून सवरून आपल्या मुलींनी पुन्हा रक्त-पू पुसण्याचेच काम का करावे? हा प्रश्न चळवळीतले काही जाणते लोकही विचारतात. माझे उत्तर असे की, काम घाण नसते, अटी घाण असतात. आजीकडे कौशल्य होते, पण त्याची नोंद नव्हती, त्याला पगार नव्हता आणि नकार देण्याचा हक्क तर नव्हताच. नातीकडे पदवी असेल, परिचर्या परिषदेची नोंदणी असेल, हुद्दा, रजा, निवृत्तिवेतनाचे नियम असतील. एकीचे काम जन्माने लादलेले, दुसरीचे ज्ञानाने मिळवलेले. केरळातल्या ख्रिस्ती मुलींनी हे फार पूर्वी ओळखले. सवर्ण घरे ज्या कामाला विटाळ मानत होती, ते त्यांनी शिकून घेतले आणि त्या बळावर दिल्ली-मुंबईपासून आखाती देशांपर्यंतची रुग्णालये गाठली. त्यांनी आपले घर वर काढले ते सेवेच्या पुण्याईवर नव्हे, कौशल्याच्या पगारावर.

म्हणून मी त्या मुलीला सांगितले, ‘सेवा करायची आहे’ हे उत्तर खोडून टाक. तुझे खरे उत्तर शोध.

हे सांगण्याचा मला अधिकार आहे, कारण मी स्वतः त्या टेबलासमोर बसून आले आहे. १९९८ साली बारावीनंतर मीही नर्सिंगच्या प्रवेशासाठी मुलाखतीला गेले होते. संस्थेचे नाव सांगत नाही, त्याने आज काही साधणार नाही. टेबलापलीकडे तिघे जण होते. नाव सांगितले, तर आडनाव पुन्हा एकदा म्हणायला लावले. मग विचारले, राहता कुठे? वडील काय करतात? मी म्हणाले, मजुरी करतात. तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, ‘रक्त, घाण बघून किळस नाही ना येणार? की घरी सवय आहे?’ बाकीचे दोघे हसले. मी खाली मान घातली. दोन मिनिटांत बाहेर आले. यादीत माझे नाव नव्हते. कदाचित गुणच कमी पडले असतील, ती शक्यता मी नाकारत नाही. पण इतकी वर्षे मनात सलत राहिले ते नापास होणे नव्हे, सलते ते माझे गप्प बसणे.

पुढे कायद्याच्या वर्गात अजय हसिया विरुद्ध खालिद मुजीब हा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा वाचनात आला आणि मी ताठ बसले. प्रकरण श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाचे. १९७९-८० च्या प्रवेशासाठी लेखी परीक्षेला १०० गुण आणि तोंडी परीक्षेला ५० गुण ठेवले होते. लेखी परीक्षेत पुढे असलेली मुले तोंडीत मागे पडली. विद्यार्थ्यांचे म्हणणे असे की, मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली आणि प्रश्न विचारले ते आईवडील कोण, राहता कुठे असे. नोव्हेंबर १९८० मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. न्या. भगवती यांनी लिहिलेल्या या निकालात म्हटले आहे की, एकूण गुणांपैकी एकतृतीयांश गुण तोंडी परीक्षेला ठेवणे मनमानीचे आहे, लेखी परीक्षा असताना प्रवेशासाठी १५ टक्क्यांहून अधिक गुण तोंडीला ठेवू नयेत, आणि आईवडील व राहण्याचे ठिकाण यांसारखे प्रश्न विद्यार्थ्याची पात्रता ठरवायला गैरलागू आहेत. मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात, अशी सूचनाही न्यायालयाने केली.

माझ्या दोन मिनिटांचे वर्णन माझ्या जन्माच्या काळातच सर्वोच्च न्यायालयाने लिहून ठेवले होते आणि मला ते माहीत नव्हते! पण त्याच निवाड्यातली दुसरी गोष्टही आपण वाचली पाहिजे. न्यायालयाने मुलाखतीची पद्धत रद्द केली नाही. आणि दीड वर्ष उलटून गेले म्हणून झालेले ते प्रवेशही रद्द केले नाहीत. अन्याय मान्य झाला, पण गेलेले वर्ष परत आले नाही. न्यायालयाचे दार उशिरा उघडते, मुलाखतीचे दार त्या दिवशी एकदाच उघडते. म्हणून कायदा माहीत असणे जितके आवश्यक, तितकीच तयारीही आवश्यक.

मुलाखतीत जात दिसत नाही, असे कोणी सांगितले तर त्याला दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचा दाखला द्यावा. तेथे २०१६ साली प्रा. अब्दुल नाफे समितीने प्रवेशाचे आकडे तपासले. लेखी आणि तोंडी गुणांतील तफावतीत भेदभावाचा धागा दिसतो, असे सांगून समितीने तोंडी परीक्षेचे गुण ३० वरून १५ करण्याची शिफारस केली. विद्वानांच्या विद्यापीठात ही स्थिती, तर इतरत्र काय असेल?

नर्सिंगच्या इतिहासातही हे दार रंग पाहून बंद झाले आहे. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात इंग्रज सैनिकांच्या शुश्रूषेसाठी परिचारिका हव्या होत्या. जमैकात जन्मलेली मेरी सीकोल ही कृष्णवर्णीय स्त्री लंडनला गेली. कॉलरा आणि पीतज्वराच्या रुग्णांवर उपचार केल्याचा तिच्याकडे अनुभव होता. तरी तिला युद्धखात्याने घेतले नाही, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या पथकासाठी मुली निवडणाऱ्यांनीही घेतले नाही. आपला रंग तर आड आला नाही ना, अशी शंका तिने १८५७ च्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. ती रडत बसली नाही. स्वतःच्या खर्चाने युद्धभूमीवर गेली, बालाक्लाव्हाजवळ आपले ठिकाण उभारले आणि जखमींवर उपचार केले. २०१६ साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाच्या आवारात तिचा पुतळा उभा राहिला. हे तेच रुग्णालय, जेथे नाइटिंगेल यांनी १८६० साली आपली शाळा सुरू केली होती.

आणि नाइटिंगेल यांच्याविषयी तरी आपल्याला खरे काय शिकवले जाते? हातात दिवा घेतलेली दयाळू बाई! प्रत्यक्षात त्या आकड्यांच्या अभ्यासक होत्या. सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक मरतात, हे त्यांनी आकृत्या काढून सरकारला पटवले. १८५८ साली इंग्लंडच्या सांख्यिकी संस्थेने सदस्य म्हणून निवडलेली पहिली स्त्री त्याच. दिवा सगळ्यांनी लक्षात ठेवला, वही कोणी लक्षात ठेवली नाही. कारण स्त्रीची दया व्यवस्थेला चालते, स्त्रीचे ज्ञान खुपते.

आपल्या घरात तर याहून जवळचा आदर्श आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्ण आणले. मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेतले आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. ती सेवा होती, पण लादलेली नव्हती. शिकलेल्या, स्वतंत्र स्त्रीने स्वतः निवडलेली होती. शब्द एकच, पण माणूस गुलाम आहे की स्वतंत्र, यावर त्याचा अर्थ ठरतो.

हे सारे बोलून झाल्यावर मी मुलीला तोच प्रश्न पुन्हा विचारला. ती बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ‘माझ्या आईची पिशवी काढली, तेव्हा ती तीस वर्षांची होती. का काढली, दुसरा उपाय होता का, हे तिला कोणी सांगितलं नाही. तिनं कागदावर अंगठा दिला. मला तो कागद वाचता यायला पाहिजे, आणि अशा बाईला तो समजावून सांगता यायला पाहिजे.’

आजीने डोळ्याला पदर लावला. मला वाटते, याहून चांगले उत्तर कोणत्याही शिकवणी वर्गात मिळाले नसते. २०१९ साली शेजारच्या बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा त्यातील १३ हजारांहून अधिक महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. मुलीचे उत्तर हे एका घराचे दुःख नाही, एका प्रदेशाचा आरोग्यप्रश्न आहे. म्हणून मी तिला एवढेच सुचवले की, आईची गोष्ट सांगायची की नाही, हे तू ठरव. दया मिळावी म्हणून सांगू नकोस. ‘आमच्या भागात ऊसतोड महिलांची अशी स्थिती आहे, ती मी जवळून पाहिली आहे, त्यातून माझा निर्णय झाला’ असे सांगितले तरी पुरे. आपले कष्ट हे आपले ज्ञान आहे, ते भिकेची थाळी म्हणून पुढे करायचे नाही.

आता तयारीविषयी, सर्वच वस्त्यांसाठी.

पहिली गोष्ट, बोलण्याचा सराव. सुखवस्तू घरातल्या मुलांना पाहुण्यांसमोर बोलण्याची सवय फुकट मिळते, आपल्या मुलींना ‘गप्प बस’ ऐकून वाढावे लागते. म्हणून विहारात टेबल मांडा. शिक्षक, ग्रामसेवक, निवृत्त सैनिक, दवाखान्यातल्या सिस्टर, जे कोणी समाजबांधव असतील त्यांनी समोर बसावे आणि किमान दहा वेळा मुलाखत घ्यावी. नजर वर, आवाज स्वच्छ. प्रश्न कळला नाही तर ‘पुन्हा सांगाल का?’ म्हणावे. उत्तर येत नसेल तर ‘मला माहीत नाही’ हे निर्भयपणे म्हणावे. इंग्रजी मोडके असले तरी छोटी आणि बरोबर वाक्ये बोलावीत.

दुसरी गोष्ट, विषयाचे ज्ञान. हिमोग्लोबिन म्हणजे काय, रक्तदाब कसा मोजतात, क्षयरोग कसा पसरतो, लसी दोन ते आठ अंश तापमानात का ठेवतात, हे सांगता आले पाहिजे. जुलाब झालेल्या लेकराला एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून देतात, हे नुसते पाठ नको, का देतात ते कळले पाहिजे. जेथे जायचे त्या संस्थेची माहिती हवी. १८८८ साली परिचारिकांची पहिली तुकडी इंग्लंडहून मुंबईस उतरली, तेथून भारतातील लष्करी परिचर्येची सुरुवात मानतात आणि १९२६ साली ती सेवा कायम झाली, एवढे तरी सांगता यावे.

तिसरी गोष्ट, अपमानाची तयारी. आडनाव, वस्ती, बापाचा धंदा यावर प्रश्न आला तर मान खाली घालू नये आणि भांडूही नये. ‘माझे आईवडील ऊसतोड करतात, त्यांच्या मेहनतीवर मी येथपर्यंत आले,’ असे शांतपणे सांगावे आणि समोरच्याच्या डोळ्यांत पाहावे. बाहेर आल्यावर प्रश्न, वेळ आणि तारीख वहीत लिहून ठेवावी. माहिती अधिकार कायदा, २००५ अन्वये स्वतःचे गुण मागता येतात. पुढे लढायचे झाले तर ती वहीच पहिला पुरावा असते. वकिलांनी आपले फोन अशा मुलींसाठी उघडे ठेवावेत.

चौथी गोष्ट पालकांसाठी. या अभ्यासक्रमाच्या प्रवेशाला मुलगी अविवाहित असावी लागते; विधवा व घटस्फोटित स्त्रियांनाही अटींसह संधी असते. फडावर जाताना वयात आलेली पोर मागे कशी ठेवायची, या काळजीने आपल्याकडे लग्ने लवकर उरकतात. ती काळजी खोटी नाही. पण तिचा उपाय लग्न नव्हे, वसतिगृह आहे. समाजकल्याणच्या वसतिगृहात जागा नसेल तर स्वाधार योजनेची चौकशी करा.

पाचवी गोष्ट, सावधगिरी. सैन्यात निवड झाली नाही म्हणजे सारे संपले नाही. राज्याची सीईटी आहे, जीएनएमचा मार्ग आहे. मात्र गल्लीतल्या पाटीला भुलून पैसे भरू नका. संस्थेला भारतीय परिचर्या परिषदेची आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे की नाही, हे आधी तपासा. मान्यता नसलेल्या कॉलेजचे प्रमाणपत्र म्हणजे आजीच्या चाळीस वर्षांसारखेच, काम खूप पण नोंद कोठेच नाही.

डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले होते की, जातीची ओळख पटवणारी वेशभूषा आणि दागिने टाकून द्या. आमच्या आज्या-पणज्यांनी ते टाकले. आता टाकायची आहे ती भाषा. उपकार मागणारी, खाली मान घालणारी, न विचारता ‘सेवा’ कबूल करणारी भाषा. लुगड्याची नेसण एका रात्रीत बदलली, ही भाषा बदलायला विहारातला सराव लागेल. पुतळा आणि जयंतीसाठी आपण वर्गणी काढतो, त्यातला एक हिस्सा मुलींच्या फॉर्मसाठी, प्रवासासाठी आणि पुस्तकांसाठी बाजूला ठेवायला काय हरकत आहे?

सोनारीहून निघताना आजी एसटीपर्यंत पोचवायला आली. म्हणाली, ‘वकीलबाई, पोरीचं नाव लागंल का वो?’ मी खोटे आश्वासन दिले नाही. जागा २२०, आणि देशभरातून येणाऱ्या मुली हजारो. निकाल काय लागायचा तो लागेल. पण १९९८ साली मी ज्या दारातून मान खाली घालून बाहेर आले, त्या दारातून ही मुलगी मान वर करून बाहेर येईल, एवढी खात्री मी आजीला दिली. पुढच्या उन्हाळ्यात फडावरून बिऱ्हाडे परततील, तेव्हा परंडा, भूम, वाशी, कळंबच्या प्रत्येक विहारात असे एक टेबल मांडलेले असावे. टेबलाच्या अलीकडे आपल्या लेकी बसतील. पलीकडे बसायला आपण येणार आहोत का, एवढाच प्रश्न आहे.

जयभीम!